गाळलेल्या जागा, गुण दहा

सकाळी साडेसातचा जादा तास.
शाळेमागे तळं, तळ्यावर अजून धुकं.
फळ्यावर मी उतारा लिहिते: दीपगृहाचा रखवालदार.
दहा शब्द गाळलेले, खाली चार-चार पर्याय.
समुद्र या वर्गात कुणीच पाहिलेला नाही,
मीसुद्धा एकदाच, डीएडच्या सहलीत,
तोही ओहोटीचा.

हेमराज दिघोरे पेनाचं टोपण काढतो
आणि पहिल्या जागेवर झडप घालतो,
खंड्या मासोळीवर घालतो तशी.
थांब. आधी पूर्ण वाच.
परक्या गावात शिरल्यावर
पहिल्याच दाराची कडी वाजवतोस का?
शेवटच्या घरापर्यंत चाल, मग मागे फिर,
तोवर निम्मं गाव ओळखीचं झालेलं असतं.
"पन मॅडम, वेळ?"
वेळ खोडण्यात जातो, बाबा. वाचण्यात नाही.

हे मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नाही.
हेमराजचा बाप, सोविंदा, पाळीवर बसून जाळं सांधत होता.
मी विचारलं, भोक केवढं, कसं भरायचं, कळतं कसं?
वर न बघता म्हणाला,
"भोकाकडे कोन पायते जी?
बाजूच्या गाठी पायाच्या. त्याच सांगतेत."

तेव्हापासून मी गाठी शिकवते.
मागे 'अॅन' उभा असेल तर पुढे स्वरच येणार,
'मँगो' कितीही गोड असो, जागा 'अॅपल'ची.
'बट' दिसला की समजा, वाक्य आता पाठ फिरवणार.
'बिकॉज' दिसला की तो ओलांडून पलीकडे बघा,
कारण तिकडे बसलंय.
अडलात तर पुढे निघा, तिथेच चिखल तुडवू नका.
तिसऱ्या जागेचं उत्तर कधी कधी
सातव्या ओळीत उघडं पडलेलं असतं.

आठवी जागा.
त्याने दिवा लावला, 'बिकॉज द नाइट वॉज' आणि पुढे रेघ.
डार्क, लाउड, फुल, स्वीट.
सुकेशनी मारबते म्हणते, लाउड.
वर्ग हसतो.
ती रात्री बापाबरोबर डोंग्यात असते.
बेडूक, टिटव्या, पलीकडच्या धुऱ्यांवर
रानडुकरांसाठी बडवलेले डबे.
तिची रात्र लाउडच असते.
मी तिला चूक म्हणत नाही. विचारते,
आवाजासाठी कुणी दिवा लावतं का?
ही रात्र तुझी नाही ना गं, त्या रखवालदाराची आहे,
आणि गुण त्याच्या रात्रीला आहेत.
ती 'डार्क' लिहिते.
'लाउड' खोडत नाही मात्र,
समासात बारीक अक्षरात राहू देते.

आणि एकही जागा कोरी सोडायची नाही.
चुकल्याचे गुण कापत नाहीत.
दोन पर्याय तरी उडवा, उरलेल्या दोनांत हात घाला,
हे बोलता बोलता माझी नजर
खिडकीकडच्या बाकावर जाते.
हजेरीत तेरा, मग पंधरा.
चौदा डिंपल नान्हे.
दिवाळीनंतर तेलंगणात, मिरची तोडायला,
आई, काका, धाकटा भाऊ, घराला कुलूप.

बाजूच्या गाठी पाहते.
डावीकडे सुकेशनी, अजून अर्ध्याच बाकावर बसणारी.
उजवीकडे भिंत, भिंतीवर पेन्सिलीत
तीनदा लिहिलेलं 'बिकॉज',
तिसऱ्यांदा स्पेलिंग बरोबर.
पर्याय दिलेले नाहीत.

परीक्षेचा अर्ज तिचा भरलेला आहे.
इंग्रजीचा पेपर मार्चच्या पहिल्या आठवड्यात.
मिरची, म्हणतात, होळीच्याही पुढे चालते.
या दोन वाक्यांमधला जोडशब्द
मला अजून सापडलेला नाही.
हजेरी घेताना मी चौदा म्हणते, थोडी थांबते,
आणि गैरहजेरीची खूण
पेन्सिलीनं करते.